किनाऱ्यावरचं तेल उचललेल्या माणसाला वर्षांनंतर दम लागतो तेव्हा

प्रश्न उरण तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे वडील मच्छीमार, वय ५८. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली, तेल किनाऱ्याला लागलं, मासेमारी थांबली. तेव्हा ते एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर तेल उचलायला गेले. साधारण दीड महिना. आता चढ चढताना दम लागतो, सकाळी खोकला असतो, मधूनच छातीत घरघर होते. एका लॅबने 'विषारी तेल व जड धातू' नावाचं महागडं रक्त-लघवीचं पॅकेज सुचवलंय. ताई विचारतात: हे त्या तेलामुळे असेल का? पॅकेज करावं का? आणि धाकटा भाऊ पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावरचे डांबरगोळे उचलायच्या कामाला जातो, त्याला जाऊ द्यावं का?

ताई, बंदर, गोदी आणि तेलाच्या टाक्यांवर काम करणाऱ्यांचे आजार तपासण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पॅकेजचं. करू नका. तेलातलं बेंझीन शरीरात शिरलं तर त्याचे अवशेष एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. डांबरासारख्या जड भागातले जे बहुचक्रीय घटक (कार्बनच्या अनेक कड्या जुळलेले, पीएएच) असतात, त्यांची लघवीतली खूणही काही दिवसांत पुसली जाते. म्हणजे २०१० च्या तेलाचा पुरावा आजच्या लघवीत असूच शकत नाही. आज काही सापडलंच, तर ते परवाच्या बिडीचं, बोटीच्या इंजिनाच्या धुराचं किंवा चुलीचं असेल. अहवालात लाल अक्षरं दिसली की माणूस हबकतो, मग त्याला 'शरीरशुद्धी'च्या बाटल्या विकल्या जातात. ते पैसे राखून ठेवा, पुढे सांगतो त्या तपासण्यांना लागतील.

मग तेलाशी किती संबंध आला ते कसं कळणार? विचारून. यापेक्षा चांगलं साधन जगात कुणाकडेच नाही, मोठमोठ्या संशोधनांकडेसुद्धा नाही. २०१० च्याच एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' हा तेलविहिरीचा तराफा पेटला, ११ कामगार गेले आणि ८७ दिवस समुद्रतळातून तेल वाहत राहिलं. त्या सफाईतल्या कामगारांवर अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य विज्ञान संस्थेने 'गल्फ' नावाचा अभ्यास २०११ पासून चालवला. जवळपास ३३ हजार माणसं त्यात आहेत. कुणाचा किती संपर्क आला, हे त्यांनी रक्त तपासून ठरवलं नाही. कामगारांच्या अंगावर बांधलेल्या यंत्रांनी हवेच्या जी २८ हजारांच्या आसपास मोजमापं घेतली होती, त्यांची सांगड प्रत्येकाच्या कामाच्या वर्णनाशी घातली: कोणत्या बोटीवर, कोणत्या महिन्यात, कोणतं काम.

आपल्याकडे तशी मोजमापं नाहीत, पण कामाचं वर्णन वडिलांच्या डोक्यात आहे. त्यांना एका निवांत संध्याकाळी बसवा आणि वहीत उतरवा. टकरीनंतर कितव्या दिवशी कामाला लागले? तेल तेव्हा पातळ होतं, की चिखलासारखं, की सुकलेलं? वासाने डोकं दुखायचं का, मळमळायचं का, डोळे चुरचुरायचे का? किनाऱ्यावर घमेल्याने भरत होते, की होडीतून तवंग गोळा करत होते, की खारफुटीत शिरून मुळं पुसत होते? हातमोजे कापडी होते की रबरी? जेवण कुठे बसून खाल्लं? कपडे घरी कोण धूत होतं?

आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: संध्याकाळी हाताचं तेल कशाने काढलं? उत्तर बहुतेक वेळा येतं, 'रॉकेलने', नाहीतर 'डिझेलने'. दिवसभर कातडीवर चिकटून बसलेलं काळं, जड तेल रॉकेलने पातळ होतं आणि कातडीतून आत शिरायला त्याला वाट मिळते. शिवाय रॉकेल कातडीचा स्वतःचा स्निग्धपणा काढून घेतं, मग ती भेगाळते. दीड महिना रोज हे केलेल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला कोरडे, खरखरीत चट्टे वर्षानुवर्षं येतजात राहिलेले मी पाहिलेत. वडिलांचे हात उजेडात नीट बघा.

अजून एक. 'चित्रा'वरच्या काही कंटेनरांत कीटकनाशकं होती आणि काही माल वाहत किनाऱ्याला लागला. वडिलांनी डबे, पिंपं, पुड्या उचलल्या होत्या का, त्यानंतर उलट्या किंवा दम लागल्याचं काही आठवतं का, हे वेगळं विचारा. ती तेलापेक्षा निराळी गोष्ट आहे आणि डॉक्टरला निराळी सांगायला हवी.

तेल कोणतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. लोक इंटरनेटवर 'डीपवॉटर'चं वाचतात आणि घाबरतात, पण तिथे विहिरीतून येणारं ताजं कच्चं तेल होतं. त्यातला बेंझीनसारखा उडून जाणारा भाग पहिल्या काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत हवेत जातो. म्हणून विहिरीच्या जवळ बोटीवर असणाऱ्यांना तो सगळ्यांत जास्त मिळाला, किनाऱ्यावर फावडं घेऊन उभ्या असलेल्यांना खूप कमी. 'चित्रा'तून सांडलं ते मुख्यतः जहाजाचं स्वतःचं इंधन, सुमारे ८०० टन. जाड, काळं भट्टीतेल. त्यात बेंझीन कमी, जड बहुचक्रीय घटक जास्त. तेव्हा उरणच्या माणसाला खरी जवळची ठरते ती स्पेनची घटना. नोव्हेंबर २००२ मध्ये 'प्रेस्टीज' हे टँकर जहाज गॅलिसियाच्या किनाऱ्यापुढे फुटलं आणि सुमारे ६३ हजार टन तसंच जड इंधनतेल बाहेर पडलं. तिथेही मासेमारी बंद झाली आणि मच्छीमारच सफाईला उतरले, आपापल्या होड्या घेऊन. माणसं तीच, तेल जवळपास तेच, काम तेच.

त्या मच्छीमारांपैकी ६,७८० जणांना विचारपूस करून जो अभ्यास झाला, त्यात सफाईला गेलेल्यांमध्ये घरघर, दम, खोकला, कफ ही लक्षणं न गेलेल्यांपेक्षा जास्त आढळली, आणि तीही काम संपून वर्ष उलटून गेल्यावर. जितके जास्त दिवस आणि जितक्या जास्त प्रकारची कामं, तितकी लक्षणं जास्त. हा चढता क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुसत्या भीतीने लक्षणं सांगितली असती तर ती अशी दिवसांच्या हिशोबाने वाढली नसती. दोन वर्षांनी ५०१ सफाईवाल्यांची आणि काम न केलेल्या १७७ मच्छीमारांची तपासणी झाली, तेव्हा उच्छ्वासातल्या बाष्पात श्वासनलिकेला इजा झाल्याच्या खुणा मिळाल्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत मोडतोडही दिसली. पाच वर्षांनंतरही छातीची लक्षणं सफाईवाल्यांमध्ये जास्तच होती. मात्र शेवटच्या संपर्कानंतर जसजसा काळ गेला तसतसा फरक कमी होत गेला, हेही त्याच अभ्यासांतून दिसतं.

गुणसूत्रांचं वाचून धसका घेऊ नका. ती गटागटांची तुलना आहे. एका माणसाच्या रक्तात अशी मोडतोड दिसली म्हणून त्याला कर्करोग होणार, असं त्यातून निघत नाही, आणि ती तपासणी करून उपचारात काही बदलतही नाही. कुणी करायला सांगितली तरी नको म्हणा.

'गल्फ' अभ्यासात फुप्फुसांचं चित्र दोन टप्प्यांत उलगडलं. गळतीनंतर एक ते तीन वर्षांत, सफाई केलेल्यांमध्ये दम्याचं निदान किंवा दम्यासारखी लक्षणं काम न केलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. तेलाने माखलेली झाडंझुडपं, मेलेले प्राणी हाताळणाऱ्यांची फुंकण्याची ताकदही कमी भरली होती. चार ते सहा वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तो फुंकण्यातला फरक उरला नव्हता. म्हणजे बहुतेकांची फुप्फुसं सावरली. मला यात मोठा दिलासा वाटतो, आणि वडिलांनाही तो जरूर सांगा.

तुलना कोणाशी केली, तेही सांगण्यासारखं आहे. सफाईला घेतली जाणारी माणसं मुळात धडधाकट असतात. त्यांना गावातल्या सरसकट लोकांशी ताडून पाहिलं तर तेल लागूनही तीच निरोगी दिसतील. म्हणून 'गल्फ'वाल्यांनी सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं पण कामावर गेले नाहीत, अशा लोकांशी तुलना केली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथली हवेतली बहुतेक मोजमापं कायदेशीर मर्यादेच्या आतच होती. तरीही फरक दिसले. 'मर्यादेत होतं, म्हणजे काही झालं नाही' असं कुणी सांगितलं तर ते तसंच्या तसं स्वीकारू नका.

फुप्फुसांपेक्षा मला आता काळजी वाटते ती हृदयाची. 'गल्फ' अभ्यासात ज्यांचा हवेतल्या हायड्रोकार्बनशी, म्हणजे तेलाच्या वाफेशी, संपर्क जास्त, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण जास्त दिसलं. उन्हाच्या त्रासाने ज्यांना काम थांबवावं लागलं होतं, त्यांच्यातही. रक्तदाबाचंही तसंच. ५८ वर्षांच्या माणसाला चढावर दम लागतो, तेव्हा घरचे सगळे छातीकडे, म्हणजे फुप्फुसांकडे बघतात. मी आधी हृदयाकडे बघतो. चढताना दम आणि थांबलं की बरं, त्यात जबडा, डावा हात किंवा छातीच्या मध्यभागी दाब जाणवत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच दवाखान्यात न्या.

मनाचं कुणी विचारतच नाही. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ'चं तेल सांडलं. वर्षभराने १३ वस्त्यांमध्ये पाहणी झाली, तेव्हा ज्यांचा गळतीशी संबंध जास्त आला त्यांच्यात चिंतेचा विकार इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक होता. मासेमारी बुडणं, भरपाईसाठी खेटे घालणं, शेजाऱ्याला पैसे मिळाले आणि आपल्याला नाही, यातून घरं पोखरली जातात. वडिलांची झोप कशी आहे, चिडचिड वाढलीय का, दारू वाढलीय का, एवढं विचारा. दम लागण्यात कधीकधी याचाही वाटा असतो आणि त्यावर उपचार आहेत.

कर्करोगाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे कारखान्यांतल्या कामगारांवरून पक्कं ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जड इंधनतेलाला 'कर्करोगकारक असू शकतं' अशा गटात ठेवलंय, बेंझीनसारखं 'निश्चित कारक' म्हणून नाही. तेलसफाईच्या कामगारांमध्ये कर्करोग वाढतो का, हे ठरायला अनेक वर्षं जावी लागतात आणि ते उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही. जुन्या भट्टीतेलात दीड महिना काम केलेल्या माणसाच्या बाबतीत मी या भीतीला पहिल्या रांगेत बसवणार नाही. ते बिडी ओढत असतील तर तिचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि तो आजही कमी करता येतो.

आता करायचं काय. वडिलांना जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, सोबत ती वही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे, म्हणजे सगळ्यांत आधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तेलाच्या नादात टीबी निसटून गेलेला मला चालत नाही. मग छातीचा एक्स-रे, रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि साधा हिमोग्राम, ज्यात लाल-पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मोजतात. बेंझीनचा काही जुना परिणाम असलाच तर त्याचा पहिला इशारा या स्वस्त तपासणीतच मिळतो.

खरी महत्त्वाची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग एका दमात, जोरात, सहा सेकंद फुंकत राहायचं. मच्छीमारांना पहिल्यांदा जमत नाही, लाजून अर्ध्यात सोडतात. तंत्रज्ञाने तीनदा नीट करून घेतली पाहिजे, तसा आग्रह धरा. त्यानंतर श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालबुटामॉलचे चार पफ देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. औषधाने आकडे वर गेले तर दम्याकडे कल, न गेले तर बिडी आणि धुराने होणाऱ्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराकडे. एकदा आकडे व्यवस्थित आले म्हणून दमा नाहीच, असं नसतं. दमा उसंत घेतो. घरघर असेल त्या आठवड्यात पुन्हा करा.

दमा निघाला तर इन्हेलर. 'पंपाची सवय लागते' हे आपल्याकडचं जुनं भय आहे, त्यापायी लोक वर्षानुवर्षं गोळ्या खातात आणि फुप्फुसं घालवतात. स्टिरॉइडचा इन्हेलर रोज, ठरल्याप्रमाणे. बिडी चालू असेल तर बंद. घरात चूल असेल तर धूर बाहेर जायला वाट करा. तेलामुळे दमा झाला की बिडीमुळे, याचा निवाडा लागो न लागो, औषध तेच आहे, आणि ते या आठवड्यात सुरू होऊ शकतं.

'तेलामुळे झालं का' याला माझं उत्तर असं आहे: काम चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत खोकला-घरघर सुरू झाली आणि तेव्हापासून ती कधीच पूर्ण गेली नाही, तर तेलाचा हात असणं शक्य आहे, आणि मी तसं केसपेपरवर लिहीन. मधे दहा-बारा वर्षं ठणठणीत गेली आणि आता सुरू झालं, तर मी दुसरं कारण शोधीन. म्हणून तारखा महत्त्वाच्या. जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, हजेरीचं कार्ड, त्या दिवसांतले फोटो, सोबत काम केलेल्यांची नावं, काहीही टाकू नका.

भरपाईची आशा मी वाढवणार नाही. आपल्या कायद्यात बेंझीनमुळे होणारे आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत, पण दावा लावायला मुदत असते आणि रोजंदारीवरच्या माणसाकडे नोकरीचा कागदच नसतो. जिथे कागद होते त्या अमेरिकेतही काय झालं ते पाहा. सफाई कामगारांसाठी न्यायालयाच्या मंजुरीने तडजोड झाली, २१ वर्षं ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीची सोय झाली, ती चांगलीच गोष्ट. पण पैसे मिळालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती तेराशे डॉलरपेक्षा जास्त पडलं नाही. नंतर आजार उद्भवलेल्यांनी जे खटले भरले त्यातले जवळपास सगळे फेटाळले गेले, कारण आजार त्या तेलानेच झाला हे न्यायालयात सिद्ध करता आलं नाही. काम चालू असताना त्यांच्या रक्ताचे, लघवीचे नमुने कुणी घेऊन ठेवले नव्हते. याची मला मनापासून चीड येते. ते नमुने घ्यायला दोन दिवस पुरले असते. अलास्कात १९८९ ला सुमारे ११ हजार माणसं सफाईला होती, त्यांची तर पुढे नीट पाहणीच झाली नाही. आपल्याकडे जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हा मच्छीमार आणि विद्यार्थी बादल्यांनी तेल उपसत होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्याच खाडीत पुन्हा मच्छीमारांनी हातांनी तेल काढलं. प्रत्येक वेळी किती टन तेल उचललं ते छापून येतं. कोणी उचललं त्यांची यादी मात्र कुणाकडे नसते.

आता धाकट्या भावाचं. डांबरगोळे म्हणजे समुद्रात बरेच दिवस फिरून घट्ट झालेलं तेल, उडून जाणारा भाग त्यातून गेलेला असतो. तेव्हा श्वासाचा धोका कमी, कातडीचा जास्त. त्याला जाऊ द्या, पण काही अटींवर. रबरी, शक्यतो नायट्राइलचे लांब हातमोजे आणि गमबूट. कापडी हातमोजे नकोत, ते तेल शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण डांबरातले बहुचक्रीय घटक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती जास्त भाजते. काम सकाळी लवकर, सावलीत विसावा, पाणी भरपूर. हात न धुता तंबाखू मळायची नाही, हे निक्षून सांगा, तेल पोटात जायची ती सगळ्यांत सोपी वाट आहे. डांबर निघत नसेल तर खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळून, फडक्याने पुसून, मग साबण. कामाचे कपडे घराबाहेर काढायचे, वेगळे धुवायचे, आणि ते आईने किंवा गरोदर वहिनीने धुवायचे नाहीत.

पण ताजी गळती झाली, किनाऱ्यावर पातळ तेल आहे आणि पेट्रोलपंपासारखा वास येतोय, तर पहिले दोन-तीन दिवस त्याने त्या किनाऱ्यावर उतरू नये, मजुरी दुप्पट मिळाली तरी. तोंडाला बांधलेला रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ यांपैकी काहीही वाफ अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचं कोळशाचं काडतूस लावलेला मुखवटा लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. ठेकेदार तो देत नसेल तर काम घेऊ नये. दमा आधीपासून असेल तर मुखवटा असूनही नाही.

आणि गेलाच, तर पहिल्या दिवसापासून मोबाइलवर नोंद ठेवायला सांगा: तारीख, किनारा, काम, तास, वास, त्रास. मुकादमासोबतचा एक फोटो, हजेरीचा एक फोटो. काम सुरू करण्याआधी एकदा स्पायरोमेट्री आणि हिमोग्राम करून घेतला तर उत्तमच, तुलनेला काहीतरी राहील. वडिलांचे अहवाल आले की त्यातले फुंकण्याचे आकडे, औषधाआधीचे आणि नंतरचे, दोन्ही कळवा. हिमोग्रामचा कागदही पाठवा.